सहायक प्रशिक्षक कोणता पाहावा: टूरवरून आलेला की कॉलेजच्या कोर्टांवर वाढलेला?

दिवाळी आटोपली की अमेरिकेत कॉलेजच्या संघाकडून टेनिस खेळायला जाऊ इच्छिणाऱ्या बारावीच्या मुलामुलींचे पालक माझ्याकडे येऊ लागतात. बहुतेकांच्या हातात एक कागद असतो. त्यावर दोन विद्यापीठांची नावे शेजारीशेजारी लिहिलेली असतात आणि त्यांच्याखाली संघाची क्रमवारी, शिष्यवृत्तीचा वाटा, अभ्यासक्रम, हिवाळा किती कडक, इनडोअर कोर्ट किती, इथपासून ते जवळ भारतीय किराणा मिळतो का, इथपर्यंत सगळे मांडलेले असते. प्रशिक्षकाच्या रकान्यात मुख्य प्रशिक्षकाचे नाव असते. सहायक प्रशिक्षक कोण आहे, तो कुठून आला, त्याने स्वतः कुठे आणि कितव्या नंबरवर, म्हणजे संघात वरून कितव्या जागेवर, टेनिस खेळले, असे मी विचारतो, तेव्हा उत्तर येते, "सर, ते नाही पाहिलं."

ते पाहायला हवे, असे मी आग्रहाने सांगतो. मुख्य प्रशिक्षकाच्या मागे निधी, प्रवास, नव्या खेळाडूंचा शोध आणि विद्यापीठाच्या बैठका लागलेल्या असतात. रोज सकाळी बॉलची बास्केट घेऊन तुमच्यासमोर जो माणूस उभा राहतो, तो बहुधा सहायक असतो. तुम्हाला पहिला मेसेजदेखील बऱ्याचदा त्यानेच केलेला असतो. चार वर्षांत तुमचे टेनिस कुठल्या दिशेने जाईल, हे बऱ्याच अंशी त्या माणसाच्या पूर्वायुष्यावर ठरते. मी स्वतः २०१५ ते २०१९ या चार वर्षांत दोन विद्यापीठांकडून खेळलो, पहिली दोन वर्षे एकीकडे आणि पुढची दोन दुसरीकडे, आणि मधल्या बदलीचे मुख्य कारण सहायक प्रशिक्षक हेच होते. म्हणून या तुलनेत मी अगदी तटस्थ आहे असा दावा करणार नाही. मात्र दोन्ही बाजूंनी मला जे मिळाले ते प्रामाणिकपणे मांडण्याचा प्रयत्न करतो.

ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून आणि अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळून आले, त्यामुळे ही वाट आता आपल्याकडे अनोळखी राहिलेली नाही. डिव्हिजन (कॉलेज संघांचे वरचे-खालचे गट) म्हणजे काय, यूटीआर (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा) किती लागतो, या गोष्टी वाचकाला ठाऊक आहेत असे धरून मी थेट मुद्द्यावर येतो.

सहायक प्रशिक्षक ढोबळमानाने दोन प्रकारचे भेटतात. पहिला टूरवरून, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांमधून, आलेला असतो. काही वर्षे तो फ्यूचर्स आणि चॅलेंजर या टूरच्या खालच्या पायऱ्यांवरच्या स्पर्धा खेळलेला असतो, क्रमवारीत दोनशे-तीनशेच्या आसपास किंवा डबल्समध्ये त्याहून वर पोहोचलेला असतो, आणि दुखापतीमुळे किंवा खर्च झेपेनासा झाल्यामुळे तिशीच्या आत-बाहेर प्रशिक्षणाकडे वळलेला असतो. दुसरा कॉलेजच्या संघातच वाढलेला असतो. चार वर्षे तो एखाद्या संघाकडून खालच्या किंवा मधल्या नंबरवर खेळतो, पुढे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता संघाला मदत करतो, आणि मग लहान विद्यापीठातून मोठ्या विद्यापीठात असा पायरी पायरीने वर येतो. अकादमीतून आलेले आणि नुकतेच पदवीधर झालेले असे आणखी दोन गटही आहेत, पण प्रत्यक्षात निवडीचा पेच बहुतेक वेळा या पहिल्या दोघांतच पडतो.

माझ्या पहिल्या विद्यापीठातला सहायक पहिल्या प्रकारचा होता. त्याच्याकडून मला जे मिळाले ते मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना शिकवतो, हे आधी सांगणे माझे कर्तव्य आहे. पुण्याहून गेलो तेव्हा माझा बॅकहँड रिटर्न फार मोठ्या बॅकस्विंगचा होता. इथल्या ज्युनिअर स्पर्धांमध्ये तो खपून जाई; तिथे पहिल्याच महिन्यात तो उघडा पडला. या प्रशिक्षकाने मला तंत्रावर एक शब्दही सांगितला नाही. तो बेसलाइन सोडून सर्व्हिस लाइनवर आला, म्हणजे माझ्यापासून अंतर जवळजवळ पाऊणपट राहील इतका पुढे, आणि तिथून पूर्ण ताकदीने सर्व्हिस मारू लागला. पहिल्या दहा चेंडूंना माझी रॅकेट पोहोचलीच नाही. विसाव्या-पंचविसाव्या चेंडूनंतर माझा बॅकस्विंग आपोआप आखूड झाला, कारण लांब स्विंग घ्यायला वेळच उरत नव्हता. अर्ध्या तासात माझ्या हाताने जे शिकून घेतले, ते आधीच्या तीन वर्षांत मला शब्दांनी कळले नव्हते. असा चेंडू मारणारा माणूस रोज समोर असणे ही चैन नाही, ती खरी मिळकत आहे. कॉलेजमध्ये वाढलेला सहायक कितीही मेहनती असला तरी त्याचा चेंडू इतका जड नसतो, आणि तुमच्या वरच्या नंबरच्या खेळाडूंना तो सरावात फार काळ त्रास देऊ शकत नाही.

टूरवाल्याचा दुसरा मोठा फायदा उन्हाळ्यात दिसतो. पंधरा हजार डॉलर बक्षिसाच्या स्पर्धांपैकी कोणती धरावी, पात्रता फेरीसाठी कधी पोहोचावे, हरल्यावर त्याच रात्री पुढच्या गावाला कसे निघावे, कुठल्या देशात सामन्याचे चेंडू जड असतात आणि तार किती सैल करावी, हे सगळे त्याने अंगावर काढलेले असते. ज्याला पदवीनंतर टूरवर जायचेच आहे, त्याच्यासाठी ही माहिती पुस्तकात मिळणारी नाही. महेश भूपतीने मिसिसिपी विद्यापीठाकडून खेळताना १९९५ मध्ये एनसीएएचे (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डबल्स विजेतेपद मिळवले आणि सोमदेव देववर्मनने व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे सिंगल्स जिंकले. त्यांच्यासारखी वाट डोळ्यांसमोर असेल तर टूर पाहिलेला माणूस जवळ असण्याचे मोल मी कमी लेखणार नाही.

आता दुसऱ्याचे गुण. ते झगमगीत नाहीत आणि विद्यापीठाच्या माहितीपानावर ते दिसतही नाहीत. कॉलेजचे टेनिस हा वेगळा खेळ आहे, हे त्याला शब्दांत सांगावे लागत नाही. लढतीच्या सुरुवातीला तीन डबल्स सामने होतात, प्रत्येक फक्त सहा गेमचा, आणि तिघांपैकी दोन जिंकणाऱ्याला मिळून एकच गुण. पुढे सहा सिंगल्स, प्रत्येकाचा एक गुण, आणि सातपैकी चार ज्याचे त्याची लढत. ड्यूसला, म्हणजे ४०–४० वर, अ‍ॅडव्हान्टेज नाही. एकच पॉइंट, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची हे रिसीव्हर ठरवणार. डबल्सचा एक सेट पाऊण तासाच्या आत उडून जातो, तेव्हा पहिल्या सर्व्हिसपासूनच नेटवरच्या खेळाडूने पाठीमागे हाताने कुठली खूण करायची, मध्ये वाकून बसायचे की बाजूला, हे आधीच पक्के असावे लागते. या सगळ्याचे गणित ज्याने वयाच्या अठराव्या वर्षापासून अंगी मुरवले आहे, तो सरावाची आखणीही त्याच गणिताने करतो. माझ्या दुसऱ्या विद्यापीठात आठवड्यातला एक दिवस फक्त ड्यूसच्या पॉइंटचा असे. सराव ४०–४० पासून सुरू, पॉइंट संपला की बाजू बदल, पुन्हा ४०–४०. कंटाळवाणे वाटते, पण हंगामाच्या शेवटी त्या पॉइंटला माझे हात थरथरायचे थांबले होते.

अभ्यासाचेही तसेच. नियमाने हंगामात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तासच सराव घेता येतो, एक दिवस सक्तीची सुट्टी, आणि हंगामाबाहेर आठवड्याला अवघे ८ तास. टूरवरून आलेल्या माणसाला ही चौकट सुरुवातीला जाचक वाटते; दुसऱ्याने ती विद्यार्थी म्हणून भोगलेली असते, म्हणून तो तीत मावेल असाच सराव आखतो. तिसऱ्या वर्षी मला एक प्रयोगशाळेचा विषय जड जात होता आणि तो सोडून द्यावा असे मनात आले. मी सहज बोलून गेलो, तर या माणसाने तिथेच बाकावर बसून माझे क्रेडिट मोजले आणि दाखवून दिले की तो विषय सोडला तर मी पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणाऱ्या १२ क्रेडिटच्या खाली जातो, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत त्याचा अर्थ केवळ संघाबाहेर बसणे नव्हे, विद्यार्थी व्हिसाही अडचणीत येतो. घरापासून इतक्या दूर असलेल्या मुलासाठी ही सावधगिरी किती महत्त्वाची आहे, हे पालकांना वेगळे सांगायला नको.

इथपर्यंत तराजू साधारण सारखाच आहे, असे कोणीही म्हणेल, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यापर्यंत माझेही तेच मत होते. एका गोष्टीने ते बदलले, आणि ती गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक आहे.

कॉलेजच्या लढतीत सहा कोर्टांवर सहा सिंगल्स एकाच वेळी चालू असतात, किंवा जागा कमी असेल तर पाठोपाठ सुरू होतात. प्रशिक्षक मात्र दोन, फार तर तीन. प्रत्येकाने दोन-तीन कोर्ट वाटून घ्यायचे असतात. पॉइंटच्या मधल्या वेळात आणि बाजू बदलताना खेळाडूशी बोलण्याची इथे मुभा आहे, म्हणून प्रशिक्षक कुठल्या कोर्टच्या बाकाशी उभा आहे याला अर्थ असतो. आमच्याकडे चौथा, पाचवा आणि सहावा हे कोर्ट सहायकाकडे होते, आणि मी पाचव्या नंबरवर खेळत असे.

२०१७ च्या एप्रिलमधली एक बाहेरगावची लढत मला जशीच्या तशी आठवते. वारा होता. आम्ही डबल्सचा गुण गमावला होता आणि संघाची स्थिती २–२ अशी होती. मी पहिला सेट हरून दुसरा जिंकला होता, आणि तिसऱ्यात ४–४ वर, प्रतिस्पर्ध्याच्या सर्व्हिसवर, ड्यूस झाला. बाजू मला निवडायची होती. तो मुलगा दुपारभर ड्यूसच्या, म्हणजे माझ्या उजवीकडच्या, बाजूला चेंडू बाहेर वळवून मला कुंपणापर्यंत ओढत होता, पण अडचणीत आला की नेमके काय करतो, हे माझ्या लक्षात राहिले नव्हते. मी बाकाकडे पाहिले. बाकावर माझा टॉवेल होता, पाण्याची बाटली होती आणि खाली चुरगळलेली केळ्याची साल होती. माणूस नव्हता. मी मान वळवून रांगेच्या दुसऱ्या टोकाला पाहिले, तर तो पहिल्या कोर्टच्या कुंपणाला हात टेकवून उभा होता. तिथे आमचा पहिल्या नंबरचा खेळाडू देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी एकाशी झुंजत होता आणि मुख्य प्रशिक्षकही तिथेच होते. मी अ‍ॅडची, म्हणजे डावीकडची, बाजू निवडली, सर्व्हिस उसळून माझ्या खांद्यावर आली, रिटर्न नेटमध्ये गेला. पुढचा गेमही गेला. लढत आम्ही ४–३ ने हरलो, आणि त्या चारांतला एक गुण माझ्या कोर्टवरचा होता.

मी तो पॉइंट कदाचित तरीही हरलो असतो. बाकावर माणूस असता तर निकाल फिरला असता, असे मी म्हणणार नाही. पण परतीच्या बसमध्ये तो माझ्याजवळ येऊन बसला आणि मनापासून म्हणाला, "पहिल्या कोर्टवरचा तो तिसरा सेट तू पाहायला हवा होतास." त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, खऱ्या टेनिसवरचे प्रेम होते. त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक लढतीत मला तेच दिसले. वर सामना रंगला की त्याचे पाय आपोआप पहिल्या कोर्टकडे वळत. आमच्या सहाव्या नंबरच्या मुलाने तर बाकाकडे पाहायचेच सोडून दिले होते. ही खंत मला दोन महिने झोपू देईना, आणि उन्हाळ्यात मी बदलीसाठी अर्ज केला.

बऱ्याच वर्षांनी मला त्यामागचे कारण उमगले, आणि तेच या तुलनेचे मर्म आहे असे मला वाटते. तो ज्या जगातून आला होता, तिथे सामना सुरू झाला की प्रशिक्षकाचे काम संपत असे. पुरुषांच्या टूरवर सामन्यादरम्यान बाहेरून मार्गदर्शन घेणे त्या काळी नियमात बसत नव्हते. पुरुषांची टूर चालवणाऱ्या एटीपीने त्याचा प्रयोग २०२२ च्या जुलैत सुरू केला आणि २०२५ पासून ते कायमचे मान्य केले. डेव्हिस कपमधल्या कर्णधाराची खुर्ची एवढाच अपवाद. म्हणजे या माणसाने आपले आयुष्यभराचे सगळे तिसरे सेट एकट्याने खेळले होते. माझ्या बाकाशी उभे राहण्याची गरजच त्याला जाणवत नसे, कारण त्याच्या बाकाशी कधी कोणी उभे राहिलेले नव्हते. शिवाय टूरवर सामन्याचे वजन त्यातल्या टेनिसच्या दर्जावर ठरते. पहिल्या कोर्टवरचे टेनिस पाचव्या कोर्टपेक्षा उत्तम होते यात शंका नाही. पण फळ्यावर दोन्हींचा गुण एकच लागतो, आणि ही गोष्ट डोक्याला पटणे वेगळे आणि पायांना पटणे वेगळे. (महिलांच्या टूरवर कोर्टवर प्रशिक्षकाला बोलावण्याची सोय बऱ्याच आधीपासून होती, त्यामुळे महिला संघांत टूरवरून आलेल्या सहायकांमध्ये हा दोष कदाचित कमी आढळेल.)

दुसऱ्या विद्यापीठाचा संघ क्रमवारीत बराच खाली होता. मी भेटीला गेलो तेव्हा योगायोगाने त्यांची संघांतर्गत चाचणी चालू होती. सहायक प्रशिक्षक सहाव्या कोर्टच्या बाकाशेजारी बॉलची बास्केट पालथी घालून त्यावर बसला होता. गुडघ्यावर एक लहानशी वही, तिच्यात दोन उभे रकाने, आणि प्रत्येक ड्यूसनंतर तो त्यात एक खूण करत होता. दोन तासांत तो तिथून एकदाच उठला, आणि तेही पाचव्या कोर्टवर जाण्यासाठी. बाजू बदलताना मुलगा बाकावर बसला की हा एक वाक्य बोले आणि गप्प राही. नंतर बोलता बोलता कळले की त्याने स्वतः चार वर्षे सहाव्या नंबरच्या आसपास काढली होती आणि त्यातले एक पूर्ण वर्ष त्याला लाइनअपबाहेर बसावे लागले होते. मी त्याच आठवड्यात होकार कळवला.

पुढच्या हंगामात त्या वहीचा उपयोग मला कळला. पहिल्याच लढतीत तिसऱ्या सेटमध्ये माझ्यावर पुन्हा ड्यूसचा रिटर्न आला. मी बाकाकडे वळलो, तर तो इतकेच म्हणाला, "ड्यूसची बाजू घे. अशा वेळी तीनदा त्याने मध्यरेषेवर मारलाय." मी एक पाऊल आत सरकून उभा राहिलो. सर्व्हिस मध्यरेषेवरच आली. तो पॉइंट मी जिंकला याला मी फार महत्त्व देत नाही, कारण असे पॉइंट पुढे मी हरलोही. पण त्या दोन वर्षांत एकदाही मान वळवल्यावर मला रिकामा बाक दिसला नाही, आणि पाचव्या नंबरवर खेळणाऱ्या मुलाला यापेक्षा मोठा आधार नसतो.

माझा अनुभव हा एका खेळाडूचा आणि दोन प्रशिक्षकांचा अनुभव आहे, त्यावरून नियम काढू नये. माझ्या पहिल्या संघातला पहिल्या नंबरचा खेळाडू आजही त्या टूरवाल्या सहायकाचे नाव कृतज्ञतेने घेतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही घेतले असते. मोठ्या उदाहरणांतही दोन्ही बाजू भक्कम दिसतात. यूसीएलए विद्यापीठाचे प्रशिक्षक राहिलेले बिली मार्टिन हे १९७३ आणि १९७४ मध्ये विम्बल्डनचे ज्युनिअर विजेते, १९७५ चे एनसीएए सिंगल्स विजेते आणि नंतर टूरवरचे खेळाडू. पण मुख्य प्रशिक्षक होण्याआधी त्यांनी ग्लेन बॅसेट यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे सहायक म्हणून काम केले, आणि २००५ मध्ये संघाला विजेतेपद मिळवून दिले. टूरवरून आलेला माणूस कॉलेजचा होऊन जाऊ शकतो, याचा तो उत्तम दाखला आहे. मात्र त्यासाठी त्याला इतका काळ एका जागी थांबावे लागते, हेही त्यातच आले.

दुसऱ्या बाजूला जॉर्जिया विद्यापीठाचे मान्युएल डियाझ यांचे उदाहरण माझ्या फार जिव्हाळ्याचे आहे. ते याच संघाकडून खेळले, १९८२ मध्ये डॅन मॅगिल यांचे सहायक म्हणून परतले, १९८८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. मॅगिल यांच्या काळातली १९८५ आणि १९८७ ची संघ विजेतेपदे त्यांनी सहायक म्हणून पाहिली आणि पुढची चार, १९९९, २००१, २००७ आणि २००८ ची, स्वतः मिळवून दिली. मी पदवी घेतली त्या २०१९ च्या मे महिन्यात टेक्सासचा पुरुष संघ प्रथमच विजेता झाला. मार्चमध्ये त्यांच्यावर हंगामाच्या ऐन मध्यात मुख्य प्रशिक्षक बदलण्याची वेळ आली होती आणि सूत्रे ब्रूस बर्क यांच्याकडे आली होती, जे तोवर दुसऱ्या क्रमांकाचे प्रशिक्षक होते आणि त्याआधी मिशिगनचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले होते. दोन महिन्यांत संघ विस्कटला नाही, कारण खेळाडूंना रोज भेटणारा माणूस बदलला नव्हता, असे मी त्यावरून समजतो. मुलांना आठवड्यातून सहा दिवस पाहणारा सहायक असेल, तर वरची खुर्ची रिकामी झाल्यावरही घर चालू राहते.

उरलेल्या दोन गटांविषयी थोडक्यात. अकादमीतून आलेला सहायक तंत्राच्या दुरुस्तीत सर्वांत तयार असतो, पण त्याला एकेका मुलावर स्वतंत्र तास घालवायची सवय असते आणि सहा कोर्टांचा डाव सांभाळायला तो एखादा हंगाम घेतो. नुकताच पदवीधर झालेला मुलगा पूर्वी स्वयंसेवक म्हणून विनावेतन राबत असे आणि खालची कोर्ट बहुधा त्याच्याच वाट्याला येत. डिव्हिजन वनने १ जुलै २०२३ पासून स्वयंसेवक प्रशिक्षक हा प्रकारच काढून टाकला, त्यामुळे अशा मुलांना आता रीतसर वेतन देता येते. खालच्या नंबरच्या खेळाडूंसाठी ही चांगली गोष्ट आहे, आणि माझ्या वेळी हे असते तर कदाचित मी बदलीपर्यंत गेलोही नसतो. त्याच वेळी २०२५–२६ पासून खेळाडूंना थेट पैसे देण्याच्या नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांसाठी टेनिस संघाची कमाल संख्या १० ठरली आहे. दहांतले सहाच सिंगल्स खेळणार, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या बहुतेक मुलांची पहिली दोन वर्षे चौथ्या ते सातव्या नंबरच्या आसपासच जातील, हे पालकांनी मनाशी धरून चालावे.

माझा कल कुठे आहे हे लपलेले नाही. मुलगा किंवा मुलगी थेट पहिल्या-दुसऱ्या नंबरवर खेळणार असेल आणि पुढे टूरच गाठायची असेल, तर टूरवरून आलेला सहायक घ्यावा, आणि तो किती वर्षे त्या विद्यापीठात टिकून आहे एवढे पाहून घ्यावे. बाकी सर्वांसाठी, म्हणजे माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ-नऊ जणांसाठी, मी कॉलेजच्या कोर्टांवर वाढलेल्याकडे बोट दाखवतो, मग त्या संघाची क्रमवारी पंधरा-वीस जागा खाली असली तरी.

पारख करण्याचे दोन मार्ग मी सुचवतो. बहुतेक विद्यापीठे आता घरच्या लढतींचे थेट प्रक्षेपण करतात आणि कित्येक ठिकाणी प्रत्येक कोर्टला वेगळा कॅमेरा असतो. फेब्रुवारी ते एप्रिलमधली कुठलीही लढत लावावी, पहिले कोर्ट बाजूला ठेवून पाचवे किंवा सहावे उघडावे, आणि सामना तिसऱ्या सेटमध्ये गेल्यावर बाकाशी कोण आहे एवढेच पाहावे. तीन लढती अशा पाहिल्या की चित्र पुरेसे स्पष्ट होते. दुसरा मार्ग फोनवरच्या बोलण्याचा आहे. गेल्या हिवाळ्यात माझी एक विद्यार्थिनी दोन संघांमध्ये अडली होती. दोन्हीकडच्या सहायकांना तिने माझ्या सांगण्यावरून एकच प्रश्न विचारला, की लढतीत सहाव्या कोर्टवर कोण असते. एकाने उत्तर दिले की ते सामन्यांच्या परिस्थितीवर अवलंबून असते. दुसरी म्हणाली, "मी असते," आणि लगेच विचारले, "तुला ड्यूसला कुठली बाजू आवडते?" मुलगी येत्या ऑगस्टमध्ये त्या दुसऱ्या संघाकडे रुजू होत आहे.